झाडांना दिवसा सवड नसते

अख्खं शहर सरांना ‘चुकासर’ म्हणायचं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण नाव कानावर आल्याशिवाय राहतं थोडंच? सरांना त्याचा राग नव्हता. उलट आतून गुदगुल्याच व्हायच्या. परीक्षा जवळ आली की त्यांच्या जीवशास्त्राच्या उजळणीला मुलांची झुंबड उडे. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या डोक्यावर ती लांबट खोली होती. खालून ग्रीसचा नि रबराचा वास जिन्यानं वर यायचा, पंख्याला एकच वेग होता, आणि बाकांवर दोघांच्या जागी तिघं बसत. उजळणीचं नाव ‘हमखास चुकणारे प्रश्न’. धमनीतून नेहमी शुद्ध रक्तच वाहतं का? प्रतिजैविकं विषाणूंवर चालतात का? प्रभावी गुण म्हणजे जास्त लोकांत दिसणारा गुण का? दर वर्षी तेच प्रश्न, आणि दर वर्षी मुलं त्याच खड्ड्यात पडत.

पण गर्दी प्रश्नांसाठी नव्हती. गर्दी व्हायची ती सरांच्या वाचनासाठी. सराव परीक्षेच्या पेपरांतून ते निवडक उत्तरं बाजूला काढायचे आणि आवाज बदलून, हातवारे करून वाचायचे. “मूत्रपिंडाचं कार्य काय? शरीराला वेळेवर आठवण करून देणं!” “सांगाड्याचा उपयोग काय? माणूस गेल्यावरही ओळखू यावा म्हणून!” हसून हसून पोरांची पुरेवाट व्हायची. पेपरांवर नावं नसत, नुसते क्रमांक असत. त्यामुळे कुणाचं नाक कापलं जात नाही, असं सर म्हणत आणि मानतही.

मुळात हा माणूस बुजरा. चारचौघांत कोपरा धरून बसणारा. नोकरीच्या सुरुवातीला वर्गात त्यांचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे पोचत नव्हता. मागची मुलं खुशाल गप्पा हाणत. एकदा वैतागून त्यांनी कुणाचं तरी भलतंच उत्तर मोठ्यानं वाचलं, आणि वर्ग आधी गप्प झाला, मग फुटला. त्या दिवशी सरांना आपली किल्ली सापडली. पुढे सगळी हयात त्यांनी त्या एका किल्लीवर काढली. घरीही त्यांच्याकडे बोलायला दुसरं फारसं काही नसे. बायको कामावरून येई, ते शिकवणीवरून येत, आणि जेवताना ते दिवसभरातल्या चुका सांगत. ती ऐकायची, कधी हसायची, कधी नुसतंच “हं” म्हणायची.

बायको रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. काउंटरवर बसून येणाऱ्याचं नाव-वय विचारायचं, नळीवर चिठ्ठी लावायची आणि नळी आत पाठवायची, एवढंच काम. तिथं तिची बरीच वर्षं गेली होती. मुलगी शिकायला परगावी गेल्यापासून घरात दोघंच.

त्या वर्षी सरांची सराव परीक्षा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेतही ठेवली होती. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांची सोय तिथं होती, म्हणजे शिक्षण अर्धवट सुटलेले, नोकऱ्या करणारे, मोठ्या वयाचे. त्या पेपरांचा गठ्ठा सरांकडे आला. तपासता तपासता एका उत्तराशी ते थबकले आणि खुर्चीत मागे रेलून एकटेच हसले. प्रश्न होता, वनस्पती श्वसन केव्हा करतात? खाली गोलसर, सावकाश अक्षरात लिहिलं होतं:

‘झाडं दिवसा कामात असतात. उन्हात उभं राहून सगळ्यांचं अन्न तयार करतात. त्यांना दिवसा श्वास घ्यायला सवड नसते. म्हणून रात्री सगळं आवरलं की मग ती श्वास घेतात.’

सरांनी त्यावर भोपळा काढला. मग राहवेना, म्हणून समासात लाल शाईनं लिहिलं: ‘वा! झाडांची रजा मंजूर करावी.’ पेपर परत पाठवण्याआधी त्यांनी ते उत्तर शब्द न शब्द उतरवून घेतलं.

उजळणीच्या वर्गात त्या उत्तरानं कहर केला. सरांनी बायकी आवाज काढला, कमरेवर हात ठेवला, कपाळावरचा नसलेला घाम पुसला आणि म्हणाले, “सवड नसते हो झाडाला!” एक मुलगा हसता हसता बाकावरून घसरला. जिन्यावरून उतरताना पोरं एकमेकांना विचारत होती, “काय रे, श्वास घेतलास का आज?” “छे, सवड कुठं!” दुकानाचा मालक, जो शिकवणीचाही मालक होता, तो खाली गल्ल्यावर बसल्या बसल्या हसत होता.

त्याच आठवड्यात मेहुणा जेवायला आला. बायकोचा धाकटा भाऊ, दिलखुलास माणूस. असा श्रोता मिळाल्यावर सर कसले गप्प बसतात!

“ऐका हं,” सर म्हणाले, “प्रश्न काय, तर वनस्पती श्वसन केव्हा करतात. आणि उत्तर!” त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, डावा हात कमरेवर नेला आणि तोच आवाज काढला. “‘झाडं दिवसा कामात असतात...’”

मेहुणा आधीच हसायला लागला. “काय म्हणता भावोजी!”

“थांबा, पुढं ऐका. ‘उन्हात उभं राहून सगळ्यांचं अन्न तयार करतात. त्यांना दिवसा श्वास घ्यायला सवड नसते...’” इथं सर नेहमीप्रमाणे थांबले. हशा वर चढू द्यायचा आणि मग शेवटचं वाक्य सोडायचं, ही त्यांची हातखंडा रीत.

बायको भात वाढत होती. ती भावाच्या ताटाकडे बघतच म्हणाली, “‘म्हणून रात्री सगळं आवरलं की मग ती श्वास घेतात.’”

सरांचा विरस झाला. “अगं, तुला आधीच सांगितलंय वाटतं मी?”

“नाही.”

“मग?”

“मीच लिहिलंय.” तिनं डाव भांड्यात ठेवला. “समासात तुम्ही लाल शाईनं लिहिलंत, झाडांची रजा मंजूर करावी. पेपर परत आलाय मला.”

मेहुण्याचं हसू तोंडातच राहिलं. त्यानं खाली मान घातली आणि अशा घाईनं जेवू लागला, जणू बाहेर गाडी थांबली आहे. सरांचा डावा हात अजून कमरेवरच होता. तो तिथून कसा काढावा, हे त्यांना सुचेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, “पण... तू परीक्षेला बसलीयस?”

“ताईचा फॉर्म मी भरला, भावोजी,” मेहुणा पुटपुटला. “पण पेपरात काय लिहिलं ते मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो.” आणि हात धुऊन तो लवकरच निघून गेला.

सर ताटासमोर बसून राहिले. बायको नेहमीसारखी आवरत होती. भांड्यांचा जादा आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. ओरडणाऱ्या माणसाला निदान समजावता तरी येतं.

“मला सांगायचंस तरी,” ते म्हणाले.

“काय सांगायचं? आमच्याकडे रक्त काढायला, तपासायला शिकवणार आहेत. पण त्याला जीवशास्त्राची ही परीक्षा पास हवी. माझी तेवढीच राहिली होती.”

“मग मी घरात असताना...”

“तुमच्याकडे आले असते तर तुम्ही शिकवलं असतंत. नाही म्हणाला नसतात.” ती ओट्यावर फडकं फिरवत होती. “पण आधी हसला असतात.”

सर चाचरत म्हणाले, “आमच्याच सराव परीक्षेला कशाला बसलीस?”

“सगळे म्हणतात, चुका कळायच्या तर तिथं जा. म्हटलं, नवऱ्याची एवढी कीर्ती आहे, तर बघावी एकदा.”

“मला अक्षर ओळखू आलं नाही गं.”

“मी काही अक्षर बदललं नव्हतं,” ती म्हणाली आणि फडकं वाळत घालायला गॅलरीत गेली.

सर पाणी प्यायला उठले. फळीवर डबे ओळीनं लावले होते आणि प्रत्येकावर एक चिठ्ठी. मीठ. साखर. रवा. तेच गोलसर, सावकाश अक्षर. रोज सकाळी चहा करताना ते या डब्यांना हात लावत होते. हजार पोरांच्या अक्षरांवरून त्यांचे स्वभाव ओळखतो, अशी फुशारकी मारणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात आंधळा निघाला होता.

सकाळी ती कामाला निघताना ते दाराशी उभे राहिले. “चुकलं माझं.”

“कुठलं?” चप्पल घालता घालता तिनं विचारलं.

“हसलो ते.”

“ते माझं निघालं म्हणून चुकलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर?”

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. बस चुकली असती.

दुपारी ते शिकवणीला गेले तेव्हा मालकानं त्यांना गल्ल्यापाशीच गाठलं. “या सर, या! पोरं दुसरं काही बोलायलाच तयार नाहीत. मी ठरवलंय, यंदाच्या जाहिरातीच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात छापायचं, ‘झाडांना दिवसा सवड नसते!’ आणि खाली, ‘अशा चुका टाळायच्या आहेत? आजच नाव नोंदवा!’ कसं वाटतं?”

“नको,” सर म्हणाले.

“का? कुणाचं नाव थोडंच छापतोय आपण?”

“नको म्हटलं ना.”

“अहो, पण कारण तरी सांगाल?”

दुकानात एक गिऱ्हाईक ब्रेकची तार बघत उभं होतं. सरांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग फरशीवरच्या तेलाच्या डागाकडे. काहीतरी थाप ठोकता आली असती. सरकारी नियम आहे म्हणावं, पेपर गोपनीय असतात म्हणावं. जिभेवर आलंही होतं. पण तिचं ते “दुसऱ्या कुणाचं असतं तर” सकाळपासून मानगुटीवर बसलं होतं.

“तो पेपर माझ्या बायकोचा आहे.”

मालक मांडीवर थाप मारून हसला. “काय सर तुम्ही! ह्याच्यावरही...” मग त्याचं लक्ष सरांच्या चेहऱ्याकडे गेलं. हसू ओसरलं. त्यानं गल्ल्याचा खण उघडला आणि त्यात नसलेलं काहीतरी शोधू लागला. “असू दे, असू दे,” तो म्हणाला. “दुसरं छापू. ते मूत्रपिंडाचं छापू.”

“तेही कुणाच्या तरी घरातलंच असेल,” सर म्हणाले आणि जिना चढू लागले. पाठीमागं ते गिऱ्हाईक मालकाला हळू आवाजात काहीतरी विचारत होतं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बाजारभर होणार, हे सरांना कळत होतं. पायऱ्या एवढ्या उंच त्यांना कधी वाटल्या नव्हत्या.

वर फळ्यावर कुणीतरी झाड काढलं होतं. झाडाला दोन हात, एका हातात झाडू, दुसऱ्यात घड्याळ. चित्र चांगलं होतं. एरवी सरांनी चित्रकाराची पाठ थोपटली असती. त्यांनी डस्टर उचललं आणि झाड मुळापासून पुसलं. मागून निराशेचा सूर आला.

“सर, आज नवीन काय?”

“नवीन काही नाही.”

“मग ते झाडांचंच वाचा ना पुन्हा! तो आवाज काढून.”

“नाही वाचणार,” सर म्हणाले. किल्ली हरवलेल्या माणसासारखे ते बंद दारासमोर उभे होते. दुसऱ्या बाकापलीकडे कुजबूज सुरू झाली, अगदी नोकरीच्या पहिल्या वर्षातल्यासारखी.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली. ती एरवी क्वचितच बोलायची. “सर, मला एक विचारायचंय. त्या उत्तरात नेमकं चूक काय आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळे हसले, मीपण हसले. पण घरी गेल्यावर कळेना. मीसुद्धा ‘रात्रीच’ असंच लिहिलं असतं.”

“मीपण,” मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक हात वर आला, आणि हळूहळू बरेच.

सर वर्गाकडे बघत राहिले. एवढी वर्षं त्यांनी चुका वाचल्या, आणि एवढी वर्षं त्याच चुका फिरून आल्या. का आल्या, हे त्यांनी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. हसणाऱ्यांतला अर्धा वर्ग आपलं अज्ञान झाकायला हसतो आणि तसाच कोरा घरी जातो, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. कालची लाज एका माणसापुरती होती. आता ती वर्गभर पसरली.

त्यांनी खडू घेतला. आवाज चढवला नाही, बदललाही नाही. “श्वास घेणं वेगळं आणि श्वसन वेगळं,” ते म्हणाले. “श्वसन प्रत्येक जिवंत पेशीत चालतं. अन्नातून ऊर्जा काढायची तर ते चालूच ठेवावं लागतं, दिवसा आणि रात्रीही. मग आपल्याला ते रात्रीचंच का वाटतं? कारण उजेडात पानं अन्न तयार करतात आणि त्यात ऑक्सिजन भरपूर निघतो. श्वसनाला लागतो तेवढा त्यातूनच मिळतो आणि उरलेला बाहेर पडतो. बाहेरून बघणाऱ्याला ऑक्सिजन सोडणारं झाडच दिसतं. अंधार पडला, अन्न तयार करणं थांबलं, की मग आत चाललेलं श्वसन आपल्या लक्षात येतं.”

“म्हणजे दिवसाही चालूच असतं? फक्त दिसत नाही?” मुलीनं विचारलं.

“दिसत नाही,” सर म्हणाले, आणि फळ्याकडे तोंड करून पुसलेलंच पुन्हा पुसू लागले.

“मग सर, हे त्या दिवशीच का नाही सांगितलंत?”

“त्या दिवशी मी हसत होतो,” ते पाठमोरेच म्हणाले. यावर मात्र कुणी हसलं नाही.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, “मी शिकवतो तुला. नीट शिकवतो.”

“नको,” ती म्हणाली. रागानं नव्हे, जास्तीची चपाती नको म्हणावी तसं. “आमच्याकडे आत एक मुलगी आहे, तपासण्या करते. जेवणाच्या सुट्टीत ती समजावते मला.”

सरांच्या वाट्याला मग भांडी आली. तिला वाचायला वेळ मिळावा म्हणून त्यांनी ती स्वतःहून घेतली, आणि त्यातही त्यांचा उजेडच पडला. ती काही बोलत नसे. चिकट राहिलेलं पातेलं तेवढं गुपचूप पुन्हा त्यांच्यासमोर आणून ठेवी. ते पुन्हा घासत. आतल्या खोलीतून तिची पाठ करतानाची पुटपुट ऐकू यायची. मधेच एखादी चूक कानावर पडायची. सर ओठ घट्ट मिटून नळ मोठा सोडायचे.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं ना?”

“माणसाच्या पूर्ण वाढलेल्या पेशीत नसतं.”

“आणि डीएनए असतो केंद्रकात. मग डीएनएच्या तपासणीला आमच्याकडे रक्त का घेतात?”

सरांचे हात साबणात तसेच राहिले. जिभेच्या टोकावर एक कोटी आली होती, चांगली चटकदार. त्यांनी ती गिळली. “रक्तात पांढऱ्या पेशीही असतात. त्यांना केंद्रक असतं. डीएनए त्यांच्यातून मिळतो.”

“अच्छा,” ती म्हणाली आणि गेली. बस्स, एवढंच. पण त्या संध्याकाळी सरांनी पातेलं पहिल्याच फेरीत स्वच्छ घासलं.

ती पास झाली. फार गुण नव्हते, काठावरून थोडेसेच वर. निकाल लागल्यावर तिनं पहिला फोन भावाला केला. सर पलीकडच्या खोलीत होते आणि तिचा आवाज त्यांना ऐकू येत होता. असा मोकळा, चढता आवाज त्यांनी किती दिवसांत ऐकला नव्हता. बाहेर जावं की न जावं या घोळात ते वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसले. फोन ठेवून ती आत डोकावली. “झाले पास.”

“वा!” सर म्हणाले, आणि म्हणताक्षणी वरमले. समासात लाल शाईनं लिहिलेला तो शब्द दोघांनाही आठवला असावा. “म्हणजे... बरं झालं,” त्यांनी सावरून घेतलं. “फार बरं झालं.”

उजळणीचा वर्ग पुढच्या वर्षीही भरला, पण बाकांवर दोघांच्या जागी दोघंच बसली. चुकासरांचा वर्ग आता रटाळ होतो, असा बोभाटा झाला. मालक कुरकुरला, पण त्यानं पत्रक साधंच छापलं. सर अजूनही चुकलेली उत्तरं फळ्यावर लिहीत, साध्या आवाजात. मग विचारत, “हे लिहिणाऱ्यानं काय विचार केला असेल?” कधीकधी जुनी सवय उसळी मारायची. नकलेचा आवाज काढायला गळा तयार व्हायचा आणि ते खोकल्याचं निमित्त करून पाणी प्यायचे.

पुढे केव्हातरी डॉक्टरांनी सरांना साखर तपासून घ्यायला सांगितली. ते बायकोच्या प्रयोगशाळेत गेले. काउंटरवर आता दुसरी मुलगी बसली होती. तिनं त्यांना आत पाठवलं. आत पांढरा कोट घालून, हातमोजे चढवून बायको उभी होती. बाजूच्या खुर्चीवर एक दांडगा तरुण आपल्या पाळीची वाट बघत होता.

“नाव?” तिनं विचारलं.

सर गोंधळले. “अगं, मी...”

“विचारावं लागतं. प्रत्येकाला.”

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. वयही सांगितलं. तिनं नळीवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं आणि त्यांच्या दंडावर पट्टा आवळला. सुई बाहेर आली तशी सरांनी मान फिरवली, डोळे गच्च मिटले आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. सारा जन्म रक्ताभिसरण शिकवलेल्या माणसाला रक्त बघवत नव्हतं. बाजूचा तरुण फिसकन हसला.

“तुमचा नंबर आल्यावर बघू हं,” बायको त्याला म्हणाली. मग आवाज खाली आणून सरांना म्हणाली, “मूठ वळा. आता सोडा. झालं.”

तिनं कापसाचा बोळा ठेवला आणि त्यांचं बोट त्यावर दाबून धरलं. “असंच धरून ठेवा. आणि बाहेर थोडा वेळ बसा, एकदम उठू नका.”

सर बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बोट त्यांनी काढलं नाही. रक्त केव्हाच थांबलं होतं.